दिवाळे कोळीवाड्यातल्या सहभागी बैठकीची तयारी

नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात लोकांनीच नकाशे आणि तक्ते काढून आपले प्रश्न मांडायची बैठक घ्यायची, तर तिची तारीख पंचांग पाहून ठरवावी. खाडीतील जाळ्यांचे काम भरती-ओहोटीवर चालत असल्याने मोठ्या भरतीचे उधाण टाळून अष्टमीच्या आसपासचे कमी भरतीचे, म्हणजे भांगाचे दिवस निवडावेत, आणि वेळ मात्र मासळी विकून परतणाऱ्या बायकांना विचारूनच पक्की करावी. १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारीबंदी बिगरयांत्रिक होड्यांना लागू नसते, तेव्हा पावसाळ्यात सगळे घरीच भेटतील असे गृहीत धरू नये.

निमंत्रण देण्यापूर्वी बैठकीत नेमके काय ठरू शकते आणि काय आधीच ठरून गेले आहे, हे सुलभकाने, म्हणजे बैठक चालवणाऱ्याने, दोन ओळींत लिहून काढावे. लोकसहभागाच्या अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत नुसती माहिती देणे आणि नुसते मत विचारणे या दोन्ही पायऱ्या देखाव्याच्या गटात मोडतात. आपली बैठक तिथेच थांबणार असेल, तर तसे आरंभीच सांगून टाकावे.

साहित्य थोडेच लागते: रंगीत खडू, शिंपल्या, झाकणाचे डबे, पुठ्ठ्याच्या लहानमोठ्या चकत्या. कोळीवाड्याचा नकाशा लोकांनीच जमिनीवर काढायचा असल्याने सर्वांना भोवती बसता येईल अशी सावलीची जागा आदल्या दिवशी हेरून ठेवावी. पुरुषांचा आणि बायकांचा नकाशा वेगवेगळा काढून घ्यावा. एकात जेट्टी आणि दुसऱ्यात मासळी सुकवायची जागा किंवा अंधारी वाट ठळक आली, तर चर्चेला तिथूनच सुरुवात करावी. खडू एकदा दिला की परत मागू नये. सहभागी पद्धतींचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स ज्याला काठी सोपवणे म्हणतात ते हेच, आणि सर्वांत अवघडही हेच, कारण चुकलेली रेघ दिसताच आपला हात शिवशिवतो.

कोणता प्रश्न आधी घ्यायचा हा प्राधान्यक्रम ठरवताना दर प्रश्नाला एक डबा ठेवावा, मत म्हणून त्यात टाकायला प्रत्येकाला सारख्याच शिंपल्या द्याव्यात आणि डबे झाकलेले असावेत, नाहीतर पहिल्या वजनदार माणसामागे बाकीचे जातात. डब्यांवर अक्षरांऐवजी चित्रे चिकटवावीत. कोणत्या महिन्यात काय चालते ते दाखवणाऱ्या हंगामी तक्त्यात महिने मराठीच घ्यावेत आणि सुरुवात नारळी पौर्णिमेपासून करावी.

चकत्या महापालिका, सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ), मच्छीमार सहकारी संस्था यांच्यासाठी आहेत: चकतीचा आकार संस्थेचे महत्त्व दाखवतो आणि मध्यापासूनचे अंतर तिच्यापर्यंतची पोहोच. चकत्या मांडून होणाऱ्या या आकृतीला भारतात चपाती आकृती म्हणतात. इथे तांदळाची भाकरी अधिक शोभली असती.

नकाशाचा कागदावर उतारा घेताना उत्तर दिशा आणि तारीख नोंदवावी, छायाचित्रे विचारून काढावीत, आणि पहिली प्रत कोळीवाड्यातच ठेवून दुसरी आपण आणावी.