आगमनकाळाची जागरण-प्रार्थना: मंडळीने कशी बसवावी

शेवटच्या काळाचा, म्हणजे ख्रिस्त परत येण्याचा, विषय निघाला की मंडळीत (चर्चच्या लोकांत) दोन तऱ्हा दिसतात. काही जण मोबाइलवर आलेले तारखांचे हिशेब पुढे करतात, काही जण चहाला उठतात. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातली 13:32-37 ही सहा वचनं दोघांचीही सोय करत नाहीत. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असं तिथे आधी सांगितलंय. मग परदेशी निघालेला घरधनी प्रत्येक दासाला त्याचं काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागं राहायला सांगतो. नेमून दिलेलं काम चालू ठेवून जागं राहायचं, एवढीच तयारी. सभा याच बेताने बसवायची.

दिवस निवडायचा तर आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारच्या आदली शनिवारची संध्याकाळ सर्वांत सोयीची. हा रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला आहे, आणि अनेक पंथांत चालणाऱ्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात त्या दिवशीचं शुभवर्तमान मार्क 13 मधलंच आहे. 31 डिसेंबरची वर्षअखेरची उपासना असतेच, पण त्या रात्री निम्मं लक्ष घड्याळाकडे आणि उरलेलं केककडे असतं.

वेळ 7:30 ते 9:45. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे बंदी आहे. शिवाय शेवटची बस, लहान मुलं आणि रविवारी सकाळची उपासना. रात्रभर बसण्याचा उत्साह चांगला. पण पहाटे चार वाजता पेंगणारी मंडळी सकाळी नऊच्या उपासनेत हमखास गळते.

आधीचा आठवडा

प्रार्थनासभा शनिवारी सुरू होत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 अखेर जी आध्यात्मिक जागृती आली, तिच्या आधी जानेवारीपासून पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसणारा गट बांधला होता. सुरुवात सुमारे 70 जणींनी झाली. आपल्या मंडळीत चार-पाच घरांच्या कॉटेज प्रार्थना सोमवारपासून लावल्या तरी पुरे. एक घर, 40 मिनिटं, एक गीत, एक वाचन, बाकी प्रार्थना. यजमानांना आधीच बजावायचं की चहा-बिस्किटांपलीकडे काही नको. एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी बिर्याणी होते आणि तिसरं घर लाजेने नकार देतं.

शुक्रवार सकाळपासून साखळी-प्रार्थना (पाळीपाळीने, खंड न पडता) ठेवायची असेल तर हिशेब नीट करा. जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरावियन मंडळीने ऑगस्ट 1727 मध्ये अशी साखळी सुरू केली तेव्हा 24 पुरुष आणि 24 स्त्रिया तास वाटून घेत होत्या. ती शंभर वर्षांहून जास्त चालली. तीस घरांच्या मंडळीने 24 तास अंगावर घेऊ नयेत. सकाळी 6 ते रात्री 9 हे 15 तास घ्या, अर्ध्या तासाचे 30 भाग पाडा, घरटी एक. साखळी तुटते ती नेहमी बदलीच्या वेळी. पुढचा माणूस विसरलेला असतो आणि आधीचा त्याला मेसेज टाकून मोकळा होतो. नियम एकच: पुढच्याने फोन उचलून "घेतली" म्हटल्याशिवाय आपली पाळी सोडायची नाही. यादी कागदावर, फोन नंबरांसह, मंडळीच्या दोन वडिलांकडे (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांकडे) असावी.

उपवास ऐच्छिक ठेवा आणि जाहीर करतानाच सांगा की मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जेवण चुकवू नये. नाहीतर आज्जी ऐकत नाहीत.

चिठ्ठ्या

प्रार्थना-विनंत्यांची पेटी रविवारपासून ठेवा आणि चिठ्ठ्या शनिवारी दुपारी दोघांनी मिळून चाळा. पाळकसाहेब आणि महिला मंडळातली एक विश्वासू बाई अशी जोडी उत्तम. चाळणी लावली नाही की प्रार्थनेच्या नावाखाली गावभर बातमी पसरते. "अमक्या दादांचं पिणं सुटावं आणि त्यांची मुलगी घरी परत यावी" अशी चिठ्ठी मोठ्याने वाचली की दादा पुढची दोन वर्षं देवळात येत नाहीत. तीच चिठ्ठी "दारूने त्रासलेल्या घरांसाठी" अशी वाचायची. देवाला पत्ता माहीत आहे. नाव घ्यायचं असेल तर त्या माणसाची परवानगी हवी. आजाऱ्याच्या बाबतीतही हाच नियम, कारण रोगाचं नाव सगळ्यांना कळावं असं प्रत्येकाला वाटत नाही.

संध्याकाळ

मार्क 13:35 मध्ये रात्रीचे चार प्रहर येतात: संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवतो ती वेळ आणि सकाळ. सभेचे चार भाग त्यावरून पाडा. पहिली 10 मिनिटं स्थिरस्थावर व्हायला. पेटीवाल्याला सूर आधीच सांगून ठेवा. गीत सर्वांना तोंडपाठ असलेलं घ्या, नवं शिकवायची ही वेळ नव्हे. मग मार्कची ती सहा वचनं दोन वेगवेगळ्या आवाजांत दोनदा वाचा, मध्ये पूर्ण एक मिनिट शांतता. मिनिट मोजून पाळा. चालवणाऱ्याला ते फार लांब वाटतं आणि तो विसाव्या सेकंदाला "आमेन" म्हणून टाकतो.

पहिला प्रहर उपकारस्तुतीचा, 20 मिनिटं. एकेका वाक्याच्या प्रार्थना, जागेवरूनच. माइक फिरवायचा नाही. माइक हातात आला की वाक्याचं प्रवचन होतं. मागच्यांना ऐकू जावं म्हणून उभं राहून, तोंड मंडळीकडे करून बोलायचं. जे ऐकूच आलं नाही त्याला दुसऱ्याने आमेन कसं म्हणावं, हा पौलाचाच प्रश्न आहे (1 करिंथ 14:16).

दुसरा प्रहर पापांगीकाराचा, 30 मिनिटं. स्तोत्र 51 मिळून वाचा, मग पाच मिनिटं शांतता, मग चालवणाऱ्याने मंडळीच्या वतीने प्रार्थना. आपलं पाप आपण कबूल करायचं. "प्रभू, आमच्यात गटबाजी करणाऱ्यांना क्षमा कर" ही प्रार्थना नव्हे, तो टोमणा आहे, आणि कोणाला मारलाय ते अख्ख्या बाकांना कळतं. दुसऱ्या व्यक्तीचा संबंध असलेली कबुली सभेत नको, त्या व्यक्तीपुढे हवी. या भागाच्या शेवटी 10 मिनिटं उठून एकमेकांकडे जायची मोकळीक द्या. पहिली दोन मिनिटं कोणी हलत नाही. चालवणाऱ्याने घाबरून गीत सुरू करू नये.

इथे 10 मिनिटं पाणी-चहा.

तिसरा प्रहर मध्यस्थीचा, 45 मिनिटं, आणि सगळ्यात जास्त सभा इथेच कोसळतात. कारण साधं गणित. 40 माणसांनी एकामागून एक तीन-तीन मिनिटं घेतली तर दोन तास होतात, आणि तिघांनी तर एवढ्यात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत मजल मारलेली असते. म्हणून चार-चार जणांचे दहा गट करा, प्रत्येकाला पाच चिठ्ठ्या द्या, 25 मिनिटं द्या. गटात एक तरी वयस्कर आणि एक तरी तरुण असावा. नवरा-बायको वेगळ्या गटांत. उरलेल्या 20 मिनिटांत सगळे एकत्र, 1 तीमथ्य 2:1-2 च्या क्रमाने: आधी सर्व माणसं, मग राज्यकर्ते आणि अधिकारी, पक्षाचं नाव न घेता. अन्य भाषांत (आत्म्याच्या प्रेरणेने, इतरांना न कळणाऱ्या भाषेत) प्रार्थना करणारे असतील तर 1 करिंथ 14:27-28 आधीच वाचून ठेवा: दोन किंवा फार तर तीन, पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मनातल्या मनात.

चौथा प्रहर वाट पाहण्याचा, 20 मिनिटं. 1 थेस्सलनीका 4:13-18 वाचा आणि वर्षभरात मंडळीतून प्रभूकडे गेलेल्यांची नावं सावकाश घ्या. यादी दफनाच्या नोंदवहीवरून करा, आठवणीवर सोडू नका. एक नाव सुटलं तर त्या घराला जे लागतं ते कोणत्याही खुलाशाने भरून निघत नाही. मग विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, प्रकटी 22:20 आणि आशीर्वचन. 9:45 ला बंद.

तारखा आणि भीती

या सभेत कोणी ख्रिस्ताच्या येण्याची तारीख सांगितली तर वडिलांनी तिथल्या तिथे, पण शांतपणे, प्रेषितांची कृत्ये 1:7 वाचावं. 22 ऑक्टोबर 1844, 28 ऑक्टोबर 1992, 21 मे 2011, अशा जाहीर झालेल्या सगळ्या तारखा आल्या आणि गेल्या. 1992 च्या तारखेपायी दक्षिण कोरियात लोकांनी नोकऱ्या सोडल्या होत्या. थेस्सलनीकाच्या मंडळीतही काही जणांनी कामधंदा टाकला होता. काम करायचं नसेल तर खाऊही नये, हे पौलाने त्यांनाच लिहिलं. आधार कार्ड, बारकोड आणि लस यांत 666 (प्रकटीकरणातल्या श्वापदाचा अंक) शोधणारे संदेश मंडळीच्या ग्रुपवर येऊ देऊ नयेत. ख्रिस्ताच्या येण्याच्या महासंकट आधी की नंतर, त्याचं सहस्रवर्ष (हजार वर्षांचं) राज्य कसं, यावर पंथापंथांत मतभेद आहेत. तो विषय शास्त्राभ्यासाला ठेवा. बारा वर्षांखालच्या मुलांना मध्यस्थीच्या वेळी वेगळ्या खोलीत संडे स्कूलच्या शिक्षकांकडे द्या, दहा कुमारींचा दाखला सांगा आणि जळत्या शहरांचे व्हिडिओ दाखवू नका.

सोमवारपासून

जागं राहणं घरात दिसायला हवं. कोणाचे पैसे द्यायचे आहेत, कोणाशी बोलणं बंद आहे, हे प्रत्येकाने कागदावर काढावं आणि नाताळाच्या आत निदान एक गोष्ट निकाली काढावी. मृत्युपत्राचा विषय वडिलांनी मोकळेपणाने काढावा. न लिहिलेल्या मृत्युपत्राने भाऊ-भाऊ कोर्टात गेलेली घरं प्रत्येक मंडळीत आहेत. भारतीय ख्रिस्ती माणसाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांनी मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर सही करायला हवी. ज्याला काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा तो वाटा बाद होतो. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं, म्हणून ते पुन्हा करावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी युवक संघाकडे द्या: दोन मुलांना एक घर, आठवड्याला एक फेरी, औषधं आणि वीजबिलाची विचारपूस. चिठ्ठ्यांचं काय झालं हे महिनाभराने विचारायची जबाबदारी एकावर नेमा. उत्तर मिळालेल्या विनंत्या पुढच्या उपकारस्तुतीला घ्या आणि चिठ्ठ्या फाडून जाळा. देवळाच्या कपाटात त्या वर्षानुवर्षं पडून राहतात आणि कधीतरी भलत्याच्या हाती लागतात.