परस्पेक्टिव्ह काढताना आधी डोळ्याची लेव्हल पकडा, खांब नंतर

रस्त्याचं चित्र काढायला बसलं की बहुतेक जण आधी रस्ता काढतात, मग झाडं, मग विजेचे खांब, आणि शेवटी सगळं घसरल्यासारखं का दिसतंय ते कळत नाही. हात वाईट नसतो हो, सुरुवात चुकीच्या जागेवरून झालेली असते. परस्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे जवळ-लांबचं अंतर सपाट कागदावर दाखवताना, आधी ठरवायचं ते एकच, बघणाऱ्याचा डोळा किती उंचीवर आहे.

ए-४ कागद आडवा घ्या, एचबी पेन्सिल आणि ३० सेंमीची पट्टी. मध्याच्या थोडी वर एक आडवी रेघ हलक्या हाताने मारा. ही क्षितिजरेषा, म्हणजेच तुमची आय लेव्हल. तुम्ही उभे असाल तर सपाट रस्त्यावर तुमच्याच उंचीची जेवढी माणसं उभी असतील, जवळची काय नि लांबची काय, सगळ्यांचे डोळे याच रेषेवर येतात, पाय मात्र लांबच्यांचे वर वर सरकत जातात. आणि तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात तर हीच रेषा त्या माणसांच्या कमरेखालून जाते. गर्दी काढताना हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

आता रेषेवर एक टिंब द्या. हा लोपबिंदू, व्हॅनिशिंग पॉइंट. सरळ लांब जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा, फुटपाथ, कंपाउंडची भिंत, सगळ्या रेघा इथेच येऊन मिळतात. डोळ्याच्या खालच्या रेघा लांब जाताना वर चढतात, वरच्या खाली उतरतात.

खांबांपाशी मात्र जवळपास प्रत्येकजण अडकतो, कारण अंतर अंदाजाने कमी कमी करत गेलं की कुठेतरी फसतंच. त्यावर साधी युक्ती आहे. पहिला खांब उभा काढा, त्याच्या टोकापासून आणि बुडापासून लोपबिंदूपर्यंत दोन रेघा ओढा, खांबाच्या बरोबर मध्यावर खूण करून तिथूनही तिसरी रेघ ओढा. दुसरा खांब नजरेला बरा वाटेल तिथे या रेघांमध्ये बसवा. आता पहिल्याच्या टोकापासून एक तिरपी रेघ दुसऱ्याच्या मध्यातून (जिथे मधली रेघ त्याला कापते तिथून) खालच्या रेघेपर्यंत न्या, ती जिथे टेकेल तिथे तिसऱ्याचं बूड. मग दुसऱ्याच्या टोकावरून तिसऱ्याच्या मध्यातून, असंच पुढे. जिने, खिडक्या, रेल्वेचे स्लीपर, सगळ्याला हेच चालतं, मला तर ही युक्ती पहिल्यांदा जमली तेव्हा दिवसभर खांबच काढत बसावंसं वाटलं होतं.

इमारतीचा कोपरा समोर असेल तर लोपबिंदू दोन लागतात, एक डावीकडे एक उजवीकडे, दोन्ही त्याच क्षितिजरेषेवर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही टिंबं कागदातच कोंबणं, मग बिल्डिंग चाकूच्या टोकासारखी अंगावर येते. कागद टेबलावर टेपने चिकटवा आणि टिंबं बाहेर टेबलावर द्या. उभ्या रेघा उभ्याच ठेवा.

गोल वस्तूंसाठी पाण्याचा ग्लास घ्या. काठ डोळ्यासमोर आणला की सरळ रेघ दिसते, ग्लास जसजसा खाली न्याल तसतसा काठ जास्त गोल उघडत जातो.

परस्पेक्टिव्हची ही पद्धत १५व्या शतकात इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने आरसा वापरून दाखवली, आणि १४३५ मध्ये अल्बर्टी या लेखक-वास्तुकाराने ती लिहून काढली. चित्र म्हणजे उघडी खिडकी असं त्याचं म्हणणं, आणि ते घरी शब्दशः करून बघता येतं. खिडकीच्या काचेसमोर उभे राहा, एक डोळा मिटा, डोकं अजिबात हलवू नका आणि व्हाइटबोर्डच्या मार्करने समोरची, तिरकी दिसणारी बिल्डिंग काचेवर गिरवा. पुसायच्या आधी पट्टी लावून तिच्या लांब जाणाऱ्या एकाच बाजूची गच्चीची आणि खालच्या ओट्याची रेघ पुढे वाढवा, दोन्ही कुठे मिळतात आणि ती जागा तुमच्या डोळ्याच्या उंचीवर येते का ते बघा.