उमेदवार कसा तपासायचा (आणि काकांशी भांडण न करता)

इलेक्शन आलं की फॅमिली ग्रुपवर जे चालू होतं ते सगळ्यांना माहितीये. आपला तो धुतल्या तांदळासारखा, समोरचा चोर, आणि पुरावा काय तर कुणाचा तरी रील. त्यापेक्षा माणूस तपासायचा सरळ रस्ता सांगतो, संध्याकाळचे दोन तास जातात फार तर.

पहिलं म्हणजे प्रतिज्ञापत्र, फॉर्म 26, म्हणजे उमेदवाराने आपल्यावरचे गुन्हे आणि संपत्ती शपथेवर लिहून दिलेला कागद. लोकसभा विधानसभेला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हे द्यावंच लागतं आणि ते निवडणूक आयोगाच्या साइटवर फुकट मिळतं. इतकी स्कॅन केलेली पानं वाचायचा कंटाळा असेल तर मायनेता नावाची साइट आहे, निवडणुकांवर नजर ठेवणाऱ्या एडीआर संस्थेची, तिथे तेच नीट मांडून ठेवलेलं असतं. महापालिका, झेडपीचं मात्र राज्य निवडणूक आयोगाकडे बघायचं, ते खातंच वेगळं.

आता गुन्हे किती यापेक्षा कसले ते बघा. मोर्चा काढला, जमावबंदी मोडली, रस्ता अडवला अशा केसेस ज्याने कधी आंदोलन केलंय त्याच्यावर असणारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फसवणूक, खुनाचा प्रयत्न, बायकांवरचे अत्याचार, हे वेगळं. जुन्या केसमध्ये कलम 420 (फसवणूक), 307 (खुनाचा प्रयत्न) दिसेल, 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना नव्या कायद्याचे, भारतीय न्याय संहितेचे नंबर येतात, त्याच क्रमाने 318 आणि 109, तेव्हा नंबर बघून गोंधळू नका. आणि गुन्हा दाखल होणं, कोर्टाने आरोप निश्चित करणं आणि शिक्षा लागणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, चॅनलवाले पहिल्या पायरीलाच माणसाला फासावर चढवतात किंवा आपला असला तर तिसरीलाही 'राजकीय सूड' म्हणतात.

मग मागच्या वेळचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा आणि संपत्ती बघा. जमिनीचे भाव वाढले म्हणून आकडा फुगतो, ते समजू शकतं. पण नवीन जमिनी कुठून आल्या हे विचारायला काय हरकत आहे?

बातम्यांचं असं की एकच घटना वेगवेगळ्या बाजूंकडे झुकणाऱ्या दोन पेपरात वाचा. 'सूत्रांच्या माहितीनुसार'च्या पुढे जे असतं ते मी तरी अर्धंच धरतो. आणि दोन पेपरात उमेदवाराचं कौतुक शब्द न् शब्द सारखं दिसलं तर समजून जा, 2009 च्या विधानसभेनंतर पत्रकार पी. साईनाथांनी पेड न्यूजचं, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचं प्रकरण अशाच जुळ्या बातम्यांवरून उघड केलं होतं. पेड न्यूज बघायला जिल्ह्यात एमसीएमसी नावाची समिती असते, तक्रार तिथे करायची.

चारित्र्य मात्र कागदात सगळं दिसत नाही. त्यासाठी दोन गोष्टी बघतो मी, विरोधकाबद्दल कसं बोलतो आणि सत्ता नसताना कसा वागतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख घ्या, 11 वेळा आमदार, मधे 1972 आणि 1995 ला पडलेसुद्धा, तरी शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) सोडला नाही आणि एसटीने फिरणं सोडलं नाही. त्यांचं राजकारण पटो न पटो, माणूस कळतो. आता हरल्यावर आठवड्यात पक्ष बदलणाऱ्यांना हीच फुटपट्टी लावा, सगळ्या पक्षांच्या. आपल्याला आवडणाऱ्याला आधी लावा, तिथेच खरी गंमत आहे.

राहिले काका. ग्रुपवर फॉरवर्ड आला की तिथेच खोडायचं नाही, चारचौघात खोटं ठरवलं की माणूस हट्टाला पेटतो. पर्सनलवर प्रतिज्ञापत्राची लिंक टाकायची आणि विचारायचं, 'काका, हे तुम्ही बघितलंत का?' ते बहुतेक रिप्लाय देणार नाहीत, देऊ नका म्हणावं, लिंक उघडली तरी पुरे. आणि त्यांनी आपल्या लाडक्या नेत्याची लिंक उलट पाठवली तर तीही उघडायची, शेवटपर्यंत वाचायची, आणि मगच उत्तर टाइप करायचं.