एचडीएमआय पोर्ट गेला आणि माउसचा बाण अडखळू लागला

जुन्या लॅपटॉपला मॉनिटर जोडायचा एचडीएमआय पोर्ट होता. त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलला नुसते दोन टाइप-सी पोर्ट. पातळपणाच्या नावाखाली रोज लागणारी गोष्ट काढून टाकायची आणि अ‍ॅडॉप्टर आपण शोधत बसायचे! असो.

हाताला लागला तो हब (टाइप-सीला लावला की एचडीएमआय, यूएसबी असे पोर्ट देणारी डबी) घेऊन फोर-के मॉनिटर जोडला. डाव्या पोर्टवर चित्रच येईना. हब खराब निघाला म्हणून परत करणार होतो, तेवढ्यात सहज उजव्या पोर्टला लावून पाहिला, तर चालला. टाइप-सी हा फक्त आकार आहे. चित्र बाहेर जायला त्या पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ ही सोय लागते आणि माझ्या लॅपटॉपमध्ये ती एकाच बाजूला आहे. हे माहितीपत्रकात होते, पण बारीक अक्षरात.

चित्र आले तरी माउसचा बाण उड्या मारत सरकायचा. आधी ड्रायव्हर बदलले, मग केबल. दोन संध्याकाळी वाया. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते ते, पाहिला : 30 हर्ट्झ! हबचा एचडीएमआय 1.4 या जुन्या आवृत्तीचा होता, आणि फोर-के म्हटले की त्याची धाव तेवढीच. 60 हर्ट्झसाठी 2.0 हवा, जो 2013 पासून आहे.

हब बाजूला ठेवला. मॉनिटरला मागे डिस्प्लेपोर्ट (चित्रासाठीचाच दुसऱ्या प्रकारचा पोर्ट) होताच, म्हणून टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल आणली, सेटिंगमध्ये 60 निवडले. बाण आता लोण्यासारखा सरकतो. हब पेनड्राइव्हपुरता उरलाय.