मॅट पिलाटीज शिकवायचंय? फी भरण्याआधीची तयारी

मॅट पिलाटीजचा, म्हणजे उपकरणांशिवाय जमिनीवर मॅट अंथरून करायच्या पिलाटीजचा, प्रशिक्षक व्हायचं ठरलं की बरेच जण त्याच संध्याकाळी टीझर (पाय आणि धड एकदम उचलून शरीराचा इंग्रजी ‘व्ही’ करायचा अवघड व्यायाम) पक्का करायला घेतात. टीझर यायला हवाच, पण परीक्षेत माणूस गडबडतो तो वेगळ्याच ठिकाणी. समोर झोपलेल्याचं कुठे बिघडतंय ते दिसत नाही, आणि दिसलंच तर चार शब्दांत सांगता येत नाही. म्हणून या यादीत शरीराचा वाटा कमी आहे आणि डोळ्यांचा नि जिभेचा जास्त. यातलं बहुतेक काम कोर्स सुरू होण्याआधी, एक पैसाही न भरता करता येतं.

आधी प्रमाणपत्राचं बघा. अमेरिकेत ‘पिलाटीज’ या नावावरून बरीच वर्षं कज्जा चालला आणि ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने तो ट्रेडमार्क रद्द ठरवला. कराटे किंवा योगासारखा हा व्यायामपद्धतीचा सर्वसाधारण शब्द झाला, त्यावर कुणा एकाची मालकी नाही, असा त्याचा अर्थ. त्यामुळे शाळा कुणीही काढू शकतं. शनिवार-रविवारात ऑनलाइन उरकलेला माणूसही ‘सर्टिफाइड’ आणि कित्येक महिने घासून निघालेलाही ‘सर्टिफाइड’च. शाळेचं माहितीपत्रक चकचकीत असणारच, ते बाजूला ठेवा आणि काही प्रश्नांची उत्तरं लेखी मागा. प्रत्यक्ष शिकवणीचे तास किती? दुसऱ्यांचे वर्ग बघण्याचे, स्वतःच्या सरावाचे आणि सराव म्हणून शिकवण्याचे तास वेगळे मोजता का, आणि लॉगबुकवर सही कोण करतं? परीक्षा जिवंत माणसाला शिकवून होते की व्हिडिओ पाठवून? नापास झाल्यास पुन्हा बसता येतं का? प्रमाणपत्राला मुदत आहे का, आणि ते चालू ठेवायला दरवर्षी काय करावं लागतं? सह्यांच्या प्रश्नावर जी शाळा गुळमुळीत बोलेल, तिचा नाद मी तरी सोडून देईन.

पुढे रिफॉर्मर, कॅडिलॅक, चेअर ही पिलाटीजची स्प्रिंग लावलेली उपकरणं शिकायचा विचार असेल तर मॅटचे तास पुढच्या कोर्सला धरले जातात का, हेही आत्ताच विचारून ठेवा. स्टॉट, बासी, पोलस्टार, बॅलन्स्ड बॉडी अशा मोठ्या शाळांमध्ये मॅट हा लांबच्या वाटेवरचा एक टप्पा असतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रमाणन परीक्षेसाठी सर्व उपकरणांसह किमान ४५० तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातला मॅटचा भाग लहानच. हा आकडा डोक्यात असला की मॅटच्या प्रमाणपत्रावर काय काय शिकवता येईल याबद्दल भलत्या कल्पना राहत नाहीत.

क्लासिकल की कंटेम्पररी, हा वाद तुमच्या कानावर येईलच. ही पद्धत काढणाऱ्या जोसेफ पिलाटीज यांनी १९४५ साली छापलेल्या पुस्तकात मॅटचे ३४ व्यायाम दिले. हंड्रेडने (पाठीवर झोपून डोकं नि पाय उचलायचे आणि श्वास मोजत हात वरखाली हलवायचे) सुरुवात, पुश अपने शेवट. क्लासिकल शाळा तो क्रम जपतात. कंटेम्पररी शाळा नंतरच्या शरीरशास्त्राच्या आधाराने व्यायाम सुटे करतात, त्यांच्या सोप्या पायऱ्या बनवतात आणि ओटीपोटाच्या न्यूट्रल, म्हणजे पुढे-मागे न कललेल्या, स्थितीवर भर देतात. दोन्हीकडे काही आठवडे विद्यार्थी म्हणून जा, मग ठरवा. कुठेही गेलात तरी ३४ व्यायामांचा मूळ क्रम तोंडपाठ हवा.

स्वतःच्या सरावाबद्दल थोडंच सांगते. नियमित करा, आणि शक्यतो शिक्षकाच्या नजरेखाली करा. फोन जमिनीलगत बाजूला ठेवून स्वतःचं चित्रीकरण करा. आरशात आपण मान वळवून बघतो आणि तेवढ्यानेच व्यायाम बिघडतो.

शरीरशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधी हाडं हाताने शोधा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर. दोन्ही तळहातांचे मनगटाजवळचे भाग कमरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर ठेवा, बोटांची टोकं खाली जांघेच्या मधल्या हाडावर. हातांचा त्रिकोण होतो. तो जमिनीला समांतर असला की न्यूट्रल. आता ओटीपोट थोडं मागे-पुढे झुलवून त्रिकोण कसा कलतो ते बघा आणि डोळे मिटून पुन्हा समांतरवर या. हे न बघता जमायला लागलं की ट्रान्सव्हर्सस अॅब्डॉमिनिस, मल्टिफिडस, डायफ्रॅम, पेल्व्हिक फ्लोअर ही धडाच्या आतल्या स्नायूंची नावं नुसती पाठ केलेली राहत नाहीत, त्यांना जागा मिळते. मग प्रत्येक व्यायामासाठी एक पान करा. पाठीचा कणा पुढे वाकतोय, मागे, बाजूला की वळतोय? हालचाल कोणते स्नायू करतायत आणि शरीर स्थिर कोण धरतंय? लेखी परीक्षेची निम्मी तयारी यातच होते.

निरीक्षणाचे तास हा यादीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि माझ्या मते सगळ्यात किमती. कोपऱ्यात बसून अख्खा वर्ग बघू नका, एकच माणूस निवडा आणि तासभर त्याच्यावरून नजर हलवू नका. समजा रोल अप, म्हणजे झोपलेल्या स्थितीतून कणा गोल करत उठून बसायचा व्यायाम, चाललाय. डोकं उचललं, खांदे आले, बरगड्या सुटल्या आणि मध्येच गाडी थांबली. पाय जमिनीवरून उडाले, मग हात झटकून तो कसाबसा बसला. ‘पोट कमजोर आहे’ असं लिहून मोकळं होऊ नका. कमरेचा खालचा भाग गोल होतोय की फळीसारखा सरळ उठतोय? मांडीच्या मागचे स्नायू आखडलेत का? श्वास कुठे अडकला? कमर गोल होत नसेल तर गुडघे थोडे वाकवून द्या, किंवा बसलेल्या स्थितीतून अर्धवटच मागे जायला सांगा. मांडीमागचा ताण असेल तर नितंबांखाली घडी केलेला टॉवेल, किंवा पावलांना पट्टा अडकवून हातांना आधार. दिसायला चूक एकच असली तरी कारणं तीन-चार असू शकतात. वहीत दिसलेली चूक, कारणाचा अंदाज आणि शिक्षकाने काय सांगितलं हे तिन्ही लिहा. चौथी नोंद सांगितल्यावर काय बदललं याची. कधीकधी काहीच बदलत नाही, तेही लिहा.

आता जीभ. एक व्यायाम घ्या, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि समोर कुणी आहे असं समजून फक्त बोलून तो करून घ्या. आधी स्थिती, मग श्वास, मग हालचाल, सुधारणा शेवटी. ऐकताना कळेल की निम्मी वाक्यं ‘आता आपण काय करणार आहोत’ यातच गेली. ती कापा. ‘पोट आत ओढा’ म्हटलं की लोक श्वास रोखतात आणि खांदे कानांपर्यंत चढवतात. त्याऐवजी ‘श्वास सोडत सोडत बेंबीखालचा भाग आत घ्या’ म्हणा, आणि सोडलेला श्वास ऐकू येतोय का बघा. माकडहाड, बरगड्या, टाचा, बसायची हाडं असे रोजचे शब्द वापरा, स्नायूंची नावं परीक्षकासाठी राखून ठेवा. हंड्रेड शिकवताना पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, असं दहा वेळा मोजायचं असतं आणि मधल्या मधे मान दुखणाऱ्याला डोकं खाली ठेवायलाही सांगायचं असतं. मोजणं आणि बघणं एकदम जमायला वेळ लागतो. वर्गाबरोबर स्वतः व्यायाम करत बसायची सवय तर आजच सोडा. झोपलेल्या माणसाला वर्ग दिसत नाही.

हात लावायचा असेल तर आधी विचारा, दर वेळी विचारा, आणि कुठे व कशासाठी लावणार ते सांगा. नको म्हटलं की नको, चेहऱ्यावर नाराजी दिसता कामा नये.

सरावासाठी माणसं जमवायला लवकर लागा, आणि सगळी तंदुरुस्त मित्रमंडळी घेऊ नका. एक साठीच्या पुढचा, एक दिवसभर खुर्चीत बसणारा, एक वजनदार, एक अतिलवचीक. या शेवटच्याला सोपा समजू नका. तो सगळं करून दाखवतो आणि सांध्यांवर लोंबकळत करतो, त्याला कुठे थांबवायचं हे ओळखणं आखडलेल्या माणसाला वाकवण्यापेक्षा अवघड.

सुरक्षेपाशी घाई नको. प्रत्येकाकडून आरोग्याची प्रश्नावली भरून घ्यायची सवय सराव-वर्गापासूनच लावा. हाडं ठिसूळ झालेल्यांना रोल अप, रोल ओव्हर, रोलिंग लाइक अ बॉल असे कणा पुढे वाकवून भार देणारे व्यायाम देत नाहीत. रजोनिवृत्तीनंतर कणा ठिसूळ झालेल्या स्त्रियांवरचा १९८४ चा एक अभ्यास यात नेहमी सांगितला जातो. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात नवे मणकाभंग ८९ टक्क्यांमध्ये दिसले, मागे ताणण्याचे करणाऱ्यांत १६ टक्क्यांमध्ये. अभ्यास छोटा होता, पण एवढा फरक बघून कुणीही सावध होईल. काचबिंदू किंवा बेताल रक्तदाब असलेल्यांना पाय डोक्यावरून नेणारे व्यायाम टाळा. गरोदरपणात पहिल्या तिमाहीनंतर बराच वेळ पाठीवर झोपवून ठेवू नका आणि डॉक्टरांची संमती मागा. मनगट दुखत असेल तर लेग पुल (हातांवर शरीर तोलून पाय उचलायचा व्यायाम) कोपरांवर घ्या. निदान करणं तुमचं काम नाही. पायात मुंग्या येतात असं कुणी म्हणालं तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरकडे पाठवा. प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण आधीच उरका, अनेक शाळा ते मागतात. शिकवायला लागण्याआधी व्यावसायिक विम्याचीही चौकशी करा.

सामान फार लागत नाही. मॅट मात्र जाड हवी, साधारण १० ते १५ मिलिमीटरची. योगाच्या पातळ मॅटवर रोलिंग केलं की मणके बोलायला लागतात. डोक्याखाली छोटी उशी, टॉवेल, स्ट्रेच बँड, एक मऊ चेंडू. मॅजिक सर्कल (हातापायांत धरून दाबायची लवचीक कडी) नंतर घेतलं तरी चालतं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवा व्यायाम शिकू नका. तासाभराचा एक पाठ बसवा आणि त्यातली जोडकामं घोटा. पाठीवरून पोटावर, पोटावरून कुशीवर माणसाला कमीत कमी शब्दांत कसं न्यायचं, यावर नवशिका लगेच ओळखू येतो. प्रत्येक व्यायामाची एक सोपी आणि एक कठीण पायरी तयार ठेवा, कारण आयत्या वेळी समोर कोण येईल सांगता येत नाही. पाठाचा कागद जवळ ठेवू देतात का, ते आदल्या दिवशी विचारून घ्या. देत असतील तर अक्षर एवढं मोठं काढा की उभ्याने, मॅटपाशी पडलेला कागद वाचता येईल.