गाडीच्या रबरी मॅट: धुणं सोपं, वाळवणं अवघड

पावसाळ्यात कोकणात जाऊन आलेल्या गाडीच्या मॅटमध्ये तांबडी माती ठासून भरलेली असते. ती ओली असताना पुसायला जाऊ नका. चिखल खाचांत आणखी दाबला जातो आणि कार्पेटला लागला की डाग सहजी निघत नाही. रात्रभर सुकू द्या, मग मॅट बाहेर काढून उलटी करून आपटा. निम्मं काम तिथेच होतं.

उरलेल्या कामाला पाण्याचा पाइप, बादलीभर पाण्यात थोडा कार शॅम्पू आणि कपड्यांचा ब्रश पुरतो. खाचांना जुना टूथब्रश. साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत दोन्ही बाजूंनी धुवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. रबर फुगून खराब होतं.

आता वाळवणं. मलाही याच टप्प्याने बराच काळ छळलंय. ‘उन्हात टाका, तासाभरात वाळतात’ हा सल्ला सगळे देतात. वाळते ती वरची बाजू. मॅट घसरू नये म्हणून खाली बारीक काटे असतात, त्यांच्या बेचक्यात पाणी तसंच राहतं. अशी मॅट गाडीत टाकली की ते पाणी कार्पेटमध्ये आणि त्याखालच्या फोममध्ये मुरतं. वर रबराचं झाकण, त्यामुळे ओल उडून जायला वाटच नाही. मग कुबट वास सुटतो, काचांवर आतून वाफ धरते आणि ओल कायम राहिली तर खालचा पत्रा गंजतो. त्यावर परफ्यूम लावणं म्हणजे पैसे वाया. दोन वास मिळून तिसराच तयार होतो.

म्हणून मॅट आधी उभी धरून झटका, खालची बाजू जुन्या पंचाने टिपून घ्या आणि सावलीत, फरशीवर, उलटी पसरून ठेवा. वर पंखा लावा. दोरीवर टाकली तर मधोमध घडी पडते. दुपारच्या उन्हात काळं रबर सणसणीत तापतं आणि स्वस्तातली मॅट पापडासारखी कडेने वळते. वळलेली कड कोमट पाण्याने मऊ करून, पुसून, रात्रभर वजनाखाली सपाट ठेवा. तरीही उठत असेल तर ड्रायव्हरच्या बाजूला ती मॅट पुन्हा घालू नका.

तोवर गाडीतलं कार्पेट तळहाताने दाबून बघा. गार लागलं तर ओल आहे. वर्तमानपत्राच्या घड्या दाबून ठेवा, भिजल्या की बदला. पाऊस नसतानाही ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट भिजत असेल, तर बहुधा एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. ते काम मेकॅनिकचं.

वॉशिंग सेंटरवर पोऱ्या विचारतो, ‘साहेब, मॅटला पॉलिश मारू?’ स्पष्ट नाही म्हणा. टायरच्या पॉलिशमध्ये बहुतेकदा सिलिकॉन असतं. मॅट चकचकते, पण टाच सरकते आणि तळव्याला लागलेलं पॉलिश ब्रेकच्या पेडलपर्यंत जातं. खोबरेल तेलाचा घरगुती उपाय त्याहून वाईट. तेही निसरडं, वर धूळ धरतं आणि रबर मऊ पाडतं.

मॅट परत घालताना हूक अडकवा, जुन्या मॅटवर नवी टाकू नका. इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल पूर्ण दाबून बघा. कुठेही कड अडकता कामा नये. 2009 मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे 38 लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला, तो मॅटमध्ये अ‍ॅक्सिलरेटर अडकण्याच्या धोक्यामुळेच.

टाचेखाली भोक पडलं असेल तर मात्र धूत बसू नका. पंक्चरचा पॅच तिथे टिकत नाही आणि बुटाची टाच त्या भोकात अडकते. नवी घ्या, आणि ती आपल्याच मॉडेलच्या मापाची घ्या.