कोकणातून मुंबईत नाटक-सिरियलमध्ये काम करायला जाताय? मग आधी हे करा

कुडाळ-कणकवलीकडची पोरं मला कायम विचारतात, दादा मुंबईक कधी येव? माझं उत्तर ठरलेलं, एक हंगाम थांब. आधी दशावताराच्या एखाद्या मंडळाबरोबर फिरा, तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात त्या उन्हाळ्यापर्यंत चालतात. तिथे लिहिलेली संहिता नसते, कथा माहिती असते आणि संवाद उभ्या उभ्या बोलायचे, समोरचा काय म्हणाला ते नीट ऐकून, तेही रात्रभर, आणि ही ऐकायची सवय पुढे ऑडिशनला जेवढी उपयोगी पडते तेवढं काहीच पडत नाही. दशावतारात बायकांची कामंही परंपरेने पुरुषच करतात, त्यामुळे मुलींनी राज्य नाट्य स्पर्धेचा ग्रुप नाहीतर कॉलेजच्या एकांकिका धराव्यात. रत्नागिरीकडच्या पोरांना दशावताराऐवजी नमन, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, आहेच.

पावसात जत्रा नसतात, तेव्हा मुंबई गाठा. लालबाग-परळला गावमंडळाची खोली असेल तर तिथे नाहीतर नातेवाईकांकडे, पण सहा महिन्यांचा खर्च गाठीला हवाच. कारण सिरियलचे पैसे दिवसावर ठरतात आणि हातात यायला बऱ्याचदा ९० दिवस लागतात. नाटकाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, मात्र बहुतेक वेळा प्रयोग झाला की मिळते, म्हणून मी म्हणतो नाटक सोडू नका. दादरच्या शिवाजी मंदिरला जा, प्रयोग बघा, बॅकस्टेजचं काम मिळालं तर आनंदाने करा. रोज विंगेतून तेच नाटक बघून पाठ होतं आणि रिप्लेसमेंट लागली की तुमचंच नाव निघतं.

आता भाषेचं. आपला हेल लगेच कळतो आणि पोरं घाबरून मालवणी बोलायचीच बंद होतात, हे मला फार लागतं. प्रमाण मराठी शिकाच, रोज अर्धा तास पेपर मोठ्याने वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, वाक्याचा शेवट कुठे ओढताय ते बघा. पण मालवणी टाकू नका. मच्छिंद्र कांबळींनी १९८० साली वस्त्रहरण रंगभूमीवर आणलं ते मालवणीतच, आणि तेच नाटक पुढे लंडनपर्यंत गेलं. इंट्रो व्हिडिओत नाव, वय, उंची सांगून झालं की चार वाक्यं मालवणीत बोलाच.

फोटो साधे, मेकअप नको, एक समोरून एक बाजूने. महागडा पोर्टफोलिओ नको.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षी कलाकारांना कामं जमवून देणाऱ्या एका कोऑर्डिनेटरने कलाकाराचं कार्ड काढून देतो म्हणून माझ्याकडून पाच हजार घेतले, आईने काजू विकून पाठवलेले होते ते, आणि नंतर फोनच उचलला नाही. अजून आठवलं की पोटात तुटतं. कोणी रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, डिपॉझिट काहीही म्हणून पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

आणि गणपती. सिरियल रोज दाखवायची असते, शूटिंग थांबत नाही, त्यामुळे घरच्या गणपतीचे दिवस करारावर सही करतानाच सांगा आणि मेसेज करून लेखी ठेवा. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, असेल तर तुमचे सीन आधी उरकून देतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुट्टी मागितली तर कोण देणार?